‘सुलतान’ या एका शब्दावर सहा लेक्चरं : ऑनलाइन कोर्स केला त्याचा रिव्ह्यू

एका शब्दावर सहा लेक्चरं कशी काय होणार हा प्रश्न मला पैसे भरताना पडलेला, आणि सहावं संपलं तेव्हा अजून चार हवी होती असं वाटत होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू मोठा होणार आहे, आधीच सांगते. शब्द म्हणजे सुलतान. नुसता तेवढाच नाही, त्याची सगळी भावकी, म्हणजे खलिफा, अमीर, मलिक, शाह, पादशाह, नवाब, पण मधोमध सुलतान. आठवड्यात दोन संध्याकाळी, दीड-दीड तास, आणि सगळं मराठीतून. शिकवणाऱ्या मॅडम अरबी-फारसी वाचतात, जुनी नाणी हा त्यांचा मूळ विषय. कोर्स घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, मला काय मिळालं आणि काय मिळालं नाही एवढंच सांगायचंय.

पहिल्या लेक्चरला वाटलेलं की आता नकाशा येईल, घराणी येतील, कोण कुणाचा मुलगा ते येईल. काहीच नाही. मॅडमनी थेट शब्दच उघडला. म्हणाल्या, सुलतान हा मुळात माणसाचा शब्दच नाही. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवरून बनतात, इथे ती स-ल-त, त्यातून ताबा, जोर, वरचढपणा असा अर्थ निघतो, आणि सुलतान म्हणजे सत्ता, अधिकार, किंवा समोरच्याला गप्प करेल असा ठोस पुरावा. कुराणात हा शब्द पुष्कळदा येतो पण राजाची पदवी म्हणून एकदाही येत नाही. सूरह रहमानमधली ओळ त्यांनी वाचून दाखवली, ज्यात जिन आणि माणसांना म्हटलंय की आकाश आणि पृथ्वीच्या कडा ओलांडून जाता येत असेल तर जा, पण सुलतानाशिवाय जाऊ शकणार नाही. इथे सुलतान म्हणजे कुणी मुकुट घातलेला माणूस नाही, तर अधिकार, सामर्थ्य. अरबीच्या शेजारच्या अरामी आणि सिरियाक भाषांतही याच घरातला शब्द आहे, शुल्ताना, आणि तोही सत्ता या अर्थानेच.

मग सत्तेचा शब्द माणसाला कसा चिकटला? याचं उत्तर मॅडमनी जे दिलं ते मला कोर्सभर पुरलं. त्या म्हणाल्या, आपल्याकडचा ‘सरकार’ शब्द घ्या. सरकार म्हणजे कारभार, राज्यव्यवस्था, वस्तूच म्हणा ना. पण वाड्यावर ‘सरकार आले’ म्हटलं की एक माणूस आत येतो. ‘हुजूर’चंही तेच, मूळ अर्थ नुसता हजेरी, समोर असणं, आणि आपण तो माणसाला हाक मारायला वापरतो. सुलतान तसाच. आधी काही शतकं अरबी लिखाणात सुलतान म्हणजे सरकार, राजसत्ता, मग हळूहळू ती सत्ता ज्याच्या हातात तो सुलतान, आणि त्यानंतर ती रीतसर पदवी. हे ऐकल्यावर मी वहीत एकच ओळ लिहिली, सुलतान = सरकार, आणि पुढच्या पाचही लेक्चरांत त्या ओळीकडे परत परत येत राहिले.

बाकीच्या पदव्यांचं त्यांनी पहिल्याच दिवशी पटापट उरकलं, ते बरं केलं. खलिफा म्हणजे मागून आलेला, वारस, जागा चालवणारा, पैगंबरांच्या निधनानंतर इ.स. 632 मध्ये अबू बक्र यांच्यापासून. अमीर म्हणजे हुकूम देणारा, अम्र म्हणजे हुकूम. दुसरे खलिफा उमर यांच्यापासून अमीर उल-मोमिनीन, श्रद्धावंतांचा अमीर, ही पदवी चालू झाली. मलिक म्हणजे सरळ राजा, पण या शब्दाला सुरुवातीला बरा वास नव्हता, नुसत्या ऐहिक राजेपणाचा दर्प होता, खरा मलिक तो वरचा एकच अशी भावना. शाह हा अरबी नाहीच, तो इराणचा, जुन्या फारसीतून आलेला. आणि नवाब म्हणजे नायबचं अनेकवचन, म्हणजे आदराने ‘नायब लोक’ म्हटलं तसं, एका माणसाला. मला वैयक्तिक सगळ्यात आवडलं ते उमराव. अमीरचं अनेकवचन उमरा, आणि आपला उमराव तोच. आपण ‘अमीर-उमराव’ म्हणतो तेव्हा एकच शब्द एकवचनात आणि अनेकवचनात लागोपाठ म्हणत असतो! इतकी वर्षं बोलतेय, कधी लक्षातच आलं नाही.

दुसरं लेक्चर बगदादचं, आणि इथे कोर्सचा खरा कणा कळतो. प्रश्न साधा आहे, तुला राज्य करायचा हक्क कुणी दिला? कागदोपत्री उत्तर एकच, खलिफाने. पण दहाव्या शतकात खलिफाच्या हातात काय उरलेलं? 945 मध्ये इराणकडचे बुवैही सरदार बगदादमध्ये शिरले आणि खलिफा राहिला गादीवर बसलेला पण दुसऱ्याच्या मुठीत. ते स्वतः शिया, खलिफा सुन्नी, तरी त्यांनी खलिफा काढून टाकला नाही, कारण शिक्का त्याचाच चालायचा. सत्ता एकाकडे आणि सत्तेला कायदेशीर करणारा कागद दुसऱ्याकडे. म्हणजे ‘खलिफा’ या नावाखाली जी सत्ता पूर्वी होती ती आता दुसरीकडे गेली, आणि त्या दुसरीकडे गेलेल्या सत्तेला एक नाव हवं होतं. सुलतान शब्द त्या फटीत बसला. मॅडमनी हे इतकं सावकाश, एकेक पायरी करून सांगितलं की मला त्या दिवशी जेवायला उठावंसंही वाटेना.

गझनीच्या महमूदबद्दल आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं की सुलतान ही पदवी घेणारा तो पहिला. यावर मॅडम थांबल्या. म्हणाल्या, त्याच्या दरबारातले कवी आणि नंतरचे इतिहासकार त्याला सुलतान म्हणतात हे खरं, पण खलिफा अल-कादिरकडून 999 च्या सुमारास त्याला रीतसर मिळालेल्या पदव्या होत्या यमीन उद-दौला आणि अमीन उल-मिल्ला, म्हणजे राज्याचा उजवा हात आणि धर्मसमाजाचा विश्वासू, आणि नाण्यांवर मिरवतात त्या अशा पदव्या. लोक काय म्हणतात आणि टांकसाळीतून काय छापून येतं या दोन वेगळ्या गोष्टी, हा फरक त्यांनी पुढे प्रत्येक लेक्चरमध्ये धरून ठेवला आणि मला वाटतं या कोर्सची सगळ्यात मोठी शिकवण तीच आहे. रीतसर सुलतान म्हणून पुढे येतो तो सेल्जुक तुर्कांचा तुघ्रिल बेग. 1055 च्या डिसेंबरात तो बगदादमध्ये आला, बुवैहींचं पर्व संपलं, आणि 1058 मध्ये खलिफा अल-कायमने त्याला समोर बोलावून पोशाख वगैरे देऊन पूर्वेचा आणि पश्चिमेचा राजा म्हणून मान दिला. त्याच्या नाण्यांवर सुलतान आहे. तिथून पुढे गणित पक्कं झालं, खलिफा देणार आणि सुलतान चालवणार.

आता तिसरं लेक्चर. फक्त यासाठी कोर्सचे पैसे वसूल.

हे दिल्लीचं लेक्चर, आणि जवळजवळ सगळं नाण्यांवरून. सुरुवात मात्र लाहोरपासून, त्याच महमूदच्या एका चांदीच्या नाण्यापासून, 1028 च्या आसपासचं. एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला संस्कृत, आपल्या लिपीच्या जुन्या बहिणीत. अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद. कलमा, म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचं मूळ वाक्य, त्याचं चक्क संस्कृत भाषांतर, अल्लाह म्हणजे अव्यक्त आणि रसूल, म्हणजे पैगंबर, तो अवतार! आणि राजाला काय म्हटलंय तर नृपति. सुलतान नाही, अमीर नाही, नृपति. मग महंमद घोरीचं सोन्याचं नाणं, ज्यावर लक्ष्मी बसलीय आणि मागे नागरीत श्री महमद बिनि साम. मग बैल आणि घोडेस्वाराची छोटी नाणी, ज्यांच्यावर श्री हमीर. हा हमीर कोण? तर अमीर. संस्कृत लेखांतही तुर्क राजांना हम्मीर म्हटलेलं सापडतं, आणि पुढे तेच रजपुतांमध्ये विशेषनाव झालं असं अभ्यासक मानतात, म्हणजे अल्लाउद्दीन खिलजीशी 1301 मध्ये रणथंबोरला लढून मेलेल्या हम्मीरदेवाचं नाव मुळात अमीर! इथे चॅटमध्ये नुसता धुरळा उडाला, लोकांचे प्रश्नावर प्रश्न, आणि मॅडमनी एकेकाला शांतपणे उत्तर दिलं.

मग अल्तमश. 1229 मध्ये बगदादच्या खलिफाकडून, म्हणजे अल-मुस्तनसिरकडून, त्याला सनद आणि खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आली आणि दिल्लीचा सुलतान रीतसर सुलतान झाला. त्याच्या मिश्र धातूच्या नाण्यांवर नागरीत सुरिताण श्री समसदिण असं वाचता येतं. सुरिताण. मोठ्याने म्हणून बघा, शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना कसा वळतो ते जिभेला कळतं.

आणि मग दिल्लीचाच नंतरचा सुलतान बलबन, त्याचं ते नाणं. मॅडमकडे स्वतःच्या संग्रहातलं होतं, त्यांनी ते कॅमेऱ्यासमोर बोटात धरलं. केवढंसं तर अंगठ्याच्या नखाहून जरा मोठं, चांदी-तांब्याचं मिश्रण असल्यामुळे कडेला तपकिरी झालेलं आणि उठावावर पांढुरकं. मधे एक गोल, त्या गोलात अरबी लिपीत बलबन. आणि गोलाच्या बाहेरून फिरत जाणारी नागरी अक्षरं. नाणं ठशापेक्षा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं कडेबाहेर पडलेली, कुठल्याच एका नाण्यावर पूर्ण ओळ मिळत नाही म्हणे, चार-पाच नाणी शेजारी ठेवून ओळ जुळवावी लागते. त्यांनी नाणं हळूहळू फिरवलं आणि मी स्क्रीनला नाक लावून वाचत होते, स्री... सुलतां... गयासुदीं. मला वाचता आलं! साडेसातशे वर्षांच्या आसपास जुनं नाणं, आणि मी काहीही न शिकता वाचलं, कारण ‘ग’ अजूनही ‘ग’ सारखाच आहे आणि ‘स’ ओळखू येतो. सुलतानच्या आधी श्री. दुसऱ्या बाजूला त्याच माणसाची पूर्ण अरबी पदवी, अस-सुलतान उल-आझम गियास उद-दुनिया वद-दीन. एका बाजूने बाजारात भाजी घेणारा वाचणार आणि दुसऱ्या बाजूने दरबारातला मुन्शी. मला खरंच भरून आलं तेव्हा.

त्याच बलबनच्या टंक्यावर, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्यावर, खलिफा अल-मुस्तसिमचं नाव आहे. आता हा अल-मुस्तसिम 1258 मध्येच बगदाद पडलं तेव्हा मंगोलांच्या हातून मारला गेलेला. बलबन गादीवर आला 1266 ला. म्हणजे मेलेल्या खलिफाचं नाव, आणि हे एकट्या बलबनचं नाही, 1296 पर्यंत, जलालुद्दीन खिलजीच्या शेवटापर्यंत दिल्लीची टांकसाळ तेच नाव छापत राहिली, जवळजवळ चाळीस वर्षं. का? बातमी पोचली नव्हती असं नाही. पण हक्क देणारा कुणीतरी वर असायला हवा ना, तो नसेल तर खाली सुलतान कशाच्या जोरावर म्हणायचं? म्हणून गेलेल्या माणसाचं नाव चालू ठेवलं. यावर मॅडमनी अर्धा तास दिला आणि तो अर्धा तास एक मिनिटही जास्त वाटला नाही. पुढे मुबारकशाह खिलजीने सरळ स्वतःलाच खलिफा म्हणवून घेतलं आणि प्रश्न एका फटक्यात सोडवला, आणि त्यानंतर महंमद तुघलकाने नेमकं उलट केलं, नाण्यावरून स्वतःचं नाव काढून टाकलं आणि कैरोत राहणाऱ्या अब्बासी, म्हणजे बगदादच्याच त्या घराण्यातल्या, खलिफाचं घातलं. देवगिरीचं दौलताबाद करणारा तुघलक आपल्याला माहीत असतो, चामड्याच्या नाण्यांच्या ऐकीव गोष्टी (ती खरं म्हणजे तांब्या-पितळेची होती) माहीत असतात, पण स्वतःचं नाव खोडणारा तुघलक मला पहिल्यांदा भेटला.

चौथं लेक्चर बायकांचं आणि तुर्कांचं. रझियाला आपण हौसेने रझिया सुलताना म्हणतो. तिच्याच काळातला इतिहासकार मिन्हाज मात्र तिला सुलतान म्हणतो, कारण गादीवर बसलेली ती सुलतान, तिथे बाई-पुरुष हा प्रश्न नाही, अधिकार त्या जागेचा. परत माझी वहीतली ओळ, सुलतान = सरकार, आणि सरकारला कुठलं आलंय स्त्रीलिंग. तुर्कस्तानात उस्मानी घराण्यात तर मजाच आहे, तिथे सुलतान घराण्यातल्या सगळ्यांना लागतं, मुलग्यांना नावाच्या आधी आणि बायकांना नावाच्या नंतर. सुलतान सुलेमान, पण हुर्रेम सुलतान, मिहरिमाह सुलतान. मॅडम म्हणाल्या, आपण नावाला मागून बाई लावतो ना, अहिल्याबाई, तसं कानाला ऐका. राजमातेला वालिदे सुलतान. आणि खुद्द राजाला तिथे जास्त करून पादशाह म्हणायचे. अचेमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, 1641 पासून 1699 पर्यंत ओळीने चार राण्यांनी राज्य केलं, हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि त्यावर फक्त दोन स्लाइड होत्या, तिथे अजून हवं होतं.

आता तक्रार. चौथं लेक्चर लांबलं आणि त्याचा उरलेला भाग पाचव्यात ढकलला, आणि पाचवं होतं दख्खनचं. मराठीतून घेतलेल्या कोर्समध्ये दख्खनला शेवटची पंचवीस मिनिटं मिळावीत हे मला पटलेलं नाही, आणि मी तसं फीडबॅक फॉर्मवरही लिहिलंय. त्या पंचवीस मिनिटांत जे सांगितलं ते सोन्यासारखं होतं म्हणून जास्त वाईट वाटतं. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, ते फुटलं तेव्हा जी पाच राज्यं झाली त्यांची नावं बघा, आदिल, निजाम, कुतुब, इमाद, बरीद. ही माणसांची नावंच नाहीत, बहमनी दरबारात सरदारांना मिळालेले किताब आहेत. निजाम उल-मुल्क, म्हणजे राज्याची घडी बसवणारा. कुतुब उल-मुल्क, राज्याचा ध्रुव, खुंट. नोकरीतला किताब घराण्याचं आडनाव झाला आणि पुढे शाह लागलं. आणि मोगल ते शाह मान्यच करायचे नाहीत! मोगली बखरकार विजापूरच्या राजाला आदिलखान लिहितात, अहमदनगरच्याला निजाम उल-मुल्क, म्हणजे तू अजून कुणाचातरी सरदारच आहेस, असं दरवेळी बजावून. एका अक्षरावरून केवढं राजकारण. यावर एक अख्खं लेक्चर व्हायला हवं होतं की नाही सांगा. मलिक अंबरमधला मलिक आणि सुरुवातीला सांगितलेला राजा-अर्थाचा मलिक एकच, दिल्लीत तो सरदारांचा एक दर्जा झाला, खानाच्या खाली आणि अमीराच्या वर, हेही जाता जाता एका वाक्यात आलं. चांदबीबी तर नुसती नावापुरती. दक्षिणेचा दुसरा अर्धा भाग विजयनगर, तिथल्या चौदाव्या शतकातल्या लेखांत राजे स्वतःला हिंदुराय सुरत्राण म्हणवतात. सुरत्राण म्हणजे सुलतानच, पण संस्कृतात तो असा बसवलाय की देवांचं रक्षण करणारा असा अर्थ निघावा. ही एक स्लाइड आली आणि गेली. मी हात वर केला होता, पण सूत्रसंचालन करणाऱ्याने वेळ संपली म्हणून पुढे नेलं.

मला विचारायचं होतं ते हे. आपण मराठीत अस्मानी-सुलतानी म्हणतो. दुष्काळ, गारपीट, टोळधाड ही अस्मानी, आणि राजाकडून, लष्कराकडून, वसुलीकडून येणारी आपत्ती ती सुलतानी. यातला सुलतान कोण? कुणीच नाही! विजापूरचाही नाही आणि दिल्लीचाही नाही. यातली सुलतानी म्हणजे सरकारी, सत्तेकडून आलेली. म्हणजे अरबीत जो सगळ्यात जुना अर्थ होता, माणसाला चिकटायच्या आधीचा, तो मराठी शेतकऱ्याच्या तोंडी शाबूत आहे. मला हे लेक्चर चालू असतानाच सुचलं आणि अंगावर काटा आला, कारण आपल्याकडे हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात नाही तर शेताच्या बांधावर राहिलाय, आणि अजून रोज वापरात आहे, पेपरात पीक गेल्याची बातमी आली की हमखास. तसाच सुलतानढवा, सगळं सैन्य एकदम घालून केलेला निकराचा हल्ला, त्यातही कुणी विशिष्ट सुलतान नाही, आहे तो नुसता जोर. सहाव्या लेक्चरला शेवटी प्रश्नोत्तरं होती तेव्हा मी हे विचारलंच. मॅडम क्षणभर गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, हे मी पुढच्या वेळी पहिल्याच लेक्चरला सांगणार. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मला स्क्रीनवर दिसलं. एका काकांनी त्यावर लगेच भर घातली की त्यांच्या घरातल्या जुन्या मोडी कागदात, शेताच्या कराराच्या, अस्मानी-सुलतानी हे शब्द आहेत, आणि त्यांना आजवर ते नुसतं बोलण्यातलं जोडनाव वाटायचं, करारात कशाला लिहिलंय ते आज कळलं. मॅडमनी त्यांना त्या कागदाचे नीट फोटो काढून ठेवायला सांगितलं, नुसते मोबाइलवर झटकन नाही तर दिवसाउजेडी, कागद सपाट ठेवून.

सहावं लेक्चर आजचं. 1 नोव्हेंबर 1922 ला तुर्कस्तानात सुलतानपद रद्द झालं आणि 3 मार्च 1924 ला खिलाफतही, म्हणजे दोन वर्षांच्या आत देणाराही गेला आणि घेणाराही. इजिप्तमध्ये 1914 ला सुलतान आला आणि 1922 ला त्याचा किंग झाला, मोरोक्कोत 1957 ला सुलतानाचा राजा झाला, सुलतान शब्द जुनाट वाटायला लागला आणि मलिक, ज्याला एकेकाळी कमी लेखायचे, तो आधुनिक वाटायला लागला, चक्र पूर्ण फिरलं. आज ओमान आणि ब्रुनेईत सुलतान देशाचे प्रमुख आहेत, मलेशियात सात राज्यांचे सुलतान आहेत आणि देशाचा राजा पाच वर्षांसाठी राजघराण्यांमधून निवडला जातो, आणि योग्याकार्ताचे सुलतान इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकात त्या प्रांताचे गव्हर्नरही आहेत. हा भाग ठीक होता, पण माहिती जास्त आणि विचार कमी, आधीच्या लेक्चरांसारखा एका वस्तूपाशी थांबून बघण्याचा प्रकार इथे नव्हता.

बाकी किरकोळ तक्रारी. दिलेल्या पीडीएफमध्ये हिजरी आणि इसवी सनं मिसळलीयत आणि कुठलं कुठलं ते लिहिलेलं नाही, तुघ्रिलसमोर एका पानावर 447 आणि दुसऱ्या पानावर 1055 वाचून मी बराच वेळ गोंधळले, दोन्ही एकच. नाण्यांच्या स्लाइडचे फोटो इतके धूसर की झूम केलं की नुसते चौकोन, जिथे अक्षर वाचणं हाच विषय आहे तिथे हे चालणार नाही. नावांचं मराठी लेखन एकसारखं नाही, एके ठिकाणी अल्तमश आणि दुसरीकडे इल्तुतमिश, नवीन माणसाला दोन वेगळे राजे वाटतील. रेकॉर्डिंग एकच महिना मिळतं, ते निदान सहा महिने हवं. आणि चॅटमधले प्रश्न कुणीतरी मधेमधे गोळा करून मॅडमना द्यायला हवेत, दख्खनच्या दिवशी कितीतरी चांगले प्रश्न तसेच राहिले.

कुणी करावा? इतिहासाच्या लढाया आणि तारखा हव्या असतील तर हा नाही. शब्द कुठून आला, तो कोणी कोणाला दिला, कुणी स्वतःच घेतला, कुणी नाकारला, यात ज्याला रस आहे त्याने नक्की करावा. अरबी-फारसी येत नसली तरी चालतं, मला एक अक्षर येत नव्हतं. माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार दख्खनसाठी कापलाय आणि पुढच्या बॅचला ते लेक्चर पूर्ण झालं तर मी स्वतः येऊन रिव्ह्यू बदलेन.

घेतलात तर एक करा. तिसऱ्या लेक्चरचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर बघा, मोबाइलवर नको, आणि मॅडमनी बलबनचं नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं की तिथे पॉज करा. नागरी ओळ गोलाच्या बाहेरून फिरते, स्री सापडला की तिथून पुढे एकेक अक्षर वाचत जा. ‘सुलतां’मधला ‘ल’ जरा वेगळा दिसतो, तिथे घाई करू नका.